विमानांचा मापाडी

माझं वजन एकशे आठ किलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे दुसऱ्यांच्या वजनाबद्दल बरंच बोलणार आहे आणि ते बोलण्याचा मला काय अधिकार, अशी शंका कुणाला यायला नको. अधिकार काही नाही. नोकरी आहे.

विमानात किती भार चढवायचा हे मी ठरवतो. माणसं, बॅगा, पार्सलं, इंधन या सगळ्यांची बेरीज करायची, पुढे किती आणि मागे किती याचा तोल साधायचा आणि उड्डाणाआधी तक्ता कॅप्टनच्या हातात द्यायचा. कॅप्टन त्यावर एक नजर टाकतो, सही करतो आणि पावणेदोनशे जिवांना घेऊन उडतो. एवढा विश्वास माझ्यावर जगात दुसऱ्या कुणी टाकलेला नाही. घरी मी बटाटे आणले तर बायको ते पुन्हा तोलून बघते. तिची बेकरी आहे, त्यामुळे काटा हाताशीच असतो.

माझे वडील धान्यबाजारात मापाडी होते. हे मी एकदा चहा पिताना सहकाऱ्यांना सांगायचा मूर्खपणा केला. तेव्हापासून विमानतळावर माझं नाव मापाडी. नवे लोक तर ते माझं आडनाव समजून मेलमध्येही तसंच लिहितात. आमच्या तक्त्यात एक पुरुष म्हणजे पंच्याहत्तर किलो धरतात. त्या हिशेबाने मी जवळजवळ दीड माणूस. एखादं विमान जरा जड उठलं की लोडर ओरडतात, "मापाडी आतच राहिला की काय?"

कंपनीची एक सवलत होती. विमानात जागा उरली तर कर्मचाऱ्याने फुकट बसावं. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने मी त्या सवलतीचा असा काही फडशा पाडला की विचारू नका. सुरुवातीला बायकोही यायची. आम्ही एकदा समुद्र बघायला गेलो, एकदा बर्फ बघायला. मग ती कंटाळली. "अहो, मला पाव भाजायचेत. तुम्ही जा आणि काय दिसलं ते येऊन सांगा," म्हणाली. मग मी मोकाटच सुटलो. माझी थोरली बहीण विमानाने तासाभरावरच्या शहरात राहते. तिच्या स्वयंपाकघरातला नळ गळतोय असं तिने फोनवर सहज सांगितलं, तर मी वायसर खिशात घालून सकाळच्या विमानाने गेलो, बसवला, चहा प्यायलो आणि पुढच्या विमानाने परत आलो. तिला वाटलं भावाची माया. माया होतीच, पण तिकीट लागलं असतं तर मी तिला प्लंबरचा नंबर दिला असता.

कळस म्हणजे केस. कॉलेजपासून माझे केस कापणारा न्हावी दुसऱ्या शहरात जाऊन दुकान थाटून बसला. मी दर महिन्याला त्याच्याकडे विमानाने जायचो. लोकांना हे सांगताना माझी छाती अशी फुगायची की शर्टाची बटणं घाबरायची. आणि केस म्हणजे काय, तर दोन्ही कानांमागे उरलेली दोन झुडपं. त्या झुडपांसाठी मी ढगांच्या वरून जायचो आणि यायचो.

माझी मुलगी मात्र विमानात बसली की लहानपणापासून खिडकीला नाक लावून फक्त ढग बघायची. मोठी होऊन ती हवामानाच्या नोकरीत शिरली आणि फिरून फिरून आमच्याच विमानतळावर आली. धावपट्टीच्या पलीकडे तिचं छोटं ऑफिस आहे. समोर कुंपणातल्या गवतावर, झडपांच्या खिडक्या असलेली एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे. तिच्यात तापमापक असतात. मुलगी ठरल्या वेळी जाऊन ते वाचते आणि आकडा सगळ्यांना कळवते. माझ्या तक्त्यात तो आकडा फार मोलाचा, कारण तापलेली हवा विरळ होते आणि विरळ हवेत पंखाला पुरेसा आधार मिळत नाही. आमची धावपट्टी आखूड, तिच्या टोकाला टेकडी. उन्हाचा पारा एका मर्यादेपुढे गेला की विमान भरल्या पोटी उठत नाही. मग वजन कमी करावं लागतं. आधी पार्सलं, मग बॅगा, मग माणसं.

मुलीने फुकटची तिकिटं घेणं केव्हाच सोडलं होतं. मी कारण विचारत नव्हतो, कारण ते सांगितलं जाण्याची भीती होती. पण एकदा जेवताना मी न्हाव्याकडची ताजी कटिंग मिरवत होतो तेव्हा ते निघालंच.

"बाबा, विमानाचा धूर वर हवेत जातो आणि तिथेच राहतो," ती म्हणाली. "शिवाय मागे पांढरे पट्टे उमटतात ना, ते पांघरुणासारखे उष्णता अडवून धरतात. बाकी कशासाठी उडलात तर मी काही बोलत नाही. पण केस?"

"अगं, विमान जाणारच असतं. मी बसलो काय, नाही बसलो काय!" हे माझं ठेवणीतलं वाक्य. ते मी आजवर इतक्या ठिकाणी वापरलं होतं की त्याला धार लावायची गरज नव्हती.

"तुम्ही बसल्यावर वजन वाढतं का?"

"वाढतं."

"वजन वाढलं की इंधन जास्त जळतं का?"

मी पोळीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तिथेच धरून ठेवला.

"हे तुम्हीच मला शिकवलंत बाबा. मी चौथीत होते."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. "आणि तुमचं तर दीडपट जळत असेल," म्हणाली. मी तीन दिवस रात्रीचं जेवण सोडलं. चौथ्या दिवशी बेकरीत नवा केक आला आणि पर्यावरण पुन्हा धोक्यात आलं.

खरी पंचाईत उन्हाळ्याने केली. मी नोकरीला लागलो तेव्हा अख्ख्या उन्हाळ्यात एखाद्या दुपारी बॅगा उतरवायची वेळ यायची, आणि आम्ही ती गोष्ट वर्षभर सांगत बसायचो. आता आठवड्यातून चार दुपारी तेच. एकदा एक नाटक मंडळी गेली आणि त्यांचे पोशाख मागे राहिले. त्या रात्री त्यांचा राजा म्हणे टी-शर्टवर तलवार लावून सिंहासनावर बसला आणि प्रधानाने पायात स्लिपर असतानाच राजीनामा दिला. दिग्दर्शकाने मला फोनवर जे काही सुनावलं ते रंगमंचावर चाललं नसतं.

अशा दुपारी मी मुलीला फोन करायचो.

"किती?"

"त्रेचाळीस पॉइंट आठ."

"त्रेचाळीस धर की."

"बाबा, ही मेथीची जुडी नाही."

"अगं, आठ माणसं उतरतील!"

"मग उतरवा. मी पारा खाली ओढू का हाताने?"

दर दुपारी हा संवाद ठरलेला. मला मनातून वाटायचं, ही पोर जरा हट्टी आहे, बापासाठी हिला अर्धी डिग्री सोडवत नाही.

मग माझ्या सत्काराचं निघालं. मी दिलेल्या वजनात इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नाही म्हणून मुख्य कार्यालय मला सन्मानचिन्ह देणार होतं. मी सूट शिवून घेतला. शिंपी माप घेताना टेप संपली म्हणून दुसरी जोडत होता, ते मी अपमान न मानता तपशील मानला. भाषण आरशासमोर पाठ केलं. त्यात एक वाक्य होतं, "माणूस वजनाने मोठा होत नसतो." ते म्हणताना मी दर वेळी पोट आत घ्यायचो.

जायचं होतं दुपारच्या विमानाने, अर्थातच जागा उरली तर. मी सूट घालून विमानतळावर आलो तेव्हा जमिनीतून वाफा निघत होत्या आणि धावपट्टीपलीकडची टेकडी पाण्यात पडलेल्या सावलीसारखी हलत होती. त्या दिवशी माझ्या खुर्चीवर माझ्या हाताखाली तयार झालेली सहकारी होती. चाळिशीची, कामात चोख, स्वभावाने माझ्याहून निर्दयी. मी प्रवासी म्हणून गुमान बाहेर बसायला हवं होतं. पण मी जाऊन तिच्या मागे उभा राहिलो.

"मापाडीसाहेब, सहा माणसं उतरवावी लागतील," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली.

"छे, काहीतरी चुकतंय. सरक बघू."

मी स्वतः हिशेब मांडला, सगळं पुन्हा तपासलं, इंधन पाहिलं, वारा पाहिला. उत्तर आलं सात. तिने एक पार्सल दोनदा वजा केलं होतं. ती माझ्याकडे आदराने बघायला लागली आणि जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं. शेवटचा उपाय म्हणून मुलीला फोन लावला.

"आत्ता किती?"

"पंचेचाळीस पॉइंट दोन."

"पॉइंट दोन सोड ना. आज तरी."

"आज तुम्ही ड्युटीवर आहात का?"

"नाही, प्रवासी."

"मग प्रवाशांच्या खिडकीवर चौकशी करा, बाबा," असं म्हणून तिने फोन ठेवला.

नियम साधा आहे. उतरवायची वेळ आली की फुकट्यांपासून सुरुवात. त्या विमानात फुकटा मी एकटाच. मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या नावावर काट मारली. बाकी सहा जण तिकीट काढलेले, त्यांची तर काही चूक नव्हती. कुणी आपणहून उतरेल का म्हणून विचारून झालं. कुणीच तयार होईना. प्रत्येकाचं काम सगळ्यात तातडीचं. शेवटी ज्यांनी सगळ्यात उशिरा नाव नोंदवलं होतं त्यांना उतरवलं आणि विमान गेलं.

आम्ही सात जण प्रतीक्षागृहात बसलो. आजवर हजारदा मी लोकांना उतरवलं असेल, पण उतरलेल्यांच्या रांगेत बसायची ही पहिलीच खेप. माझ्या शेजारी साठीच्या एक बाई होत्या. त्या दाईचं काम करायच्या, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलीचे दिवस भरले होते. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींची बाळंतपणं केली, आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी मी इथे बसलेय," असं त्या मोठ्याने म्हणाल्या. रडल्या मात्र नाहीत. पलीकडचे गृहस्थ तापले होते.

"हे वजन ठरवतो तरी कोण? आत एसीत बसून आकडे मोडत असेल!"

"नाही तर काय! त्याला बाहेर उन्हात उभा करायला पाहिजे," दुसरा म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलणं भाग होतं.

"लोकांना काय, कळतच नाही हो दुसऱ्याची अडचण," मी म्हणालो. वर आणखी, "अशांना तर नोकरीवरूनच काढायला हवं," असंही म्हणून गेलो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला जरा बरं वाटलं, एकीत बळ असतं ते उगाच नाही. तेवढ्यात दार उघडून माझी सहकारी हातात बॅग घेऊन आली आणि लांबूनच ओरडली, "मापाडीसाहेब, तुमची बॅग! आणि ते पार्सल दोनदा वजा झालेलं तुम्ही पकडलंत म्हणून बरं, नाही तर मी सहाच उतरवले असते!"

सातव्या क्रमांकाने उतरलेल्या दाईबाई होत्या.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या नव्या सुटाच्या आत घामाचा ओढा वाहायला लागला. दाईबाईंनी मला वरून खाली पाहिलं, तेवढं अंतर बघायला वेळ लागतोच, आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही स्वतःलाही उतरवलंत?"

"हो."

"पूर्वी असं नव्हतं हो. मी किती वेळा गेलेय इथून."

"पूर्वी इतकं तापत नव्हतं."

"मग आताच का तापतं?"

मुलीने मला शंभरदा सांगितलेलं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं: गाड्या, कारखाने, विमानं, कितीतरी कारणं. पण त्या बाईंसमोर ते सगळं जगावर ढकलताना माझी जीभ अडखळली. "थोडं माझ्यामुळेही," मी म्हणालो. "मी केस कापायला विमानाने जातो."

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. मग आधी तापलेले गृहस्थ हसले, मग सगळेच. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

दाईबाईंना मी संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. नातू त्यांच्या आधी पोचला, पण आई आणि बाळ सुखरूप असल्याचा निरोप त्यांनी सहकारीकडे फोन करून दिला. "त्या जाड्या साहेबांना सांगा," असं म्हणाल्या म्हणे. माझा सत्कार माझ्याविनाच झाला. माझ्या वतीने आमच्या व्यवस्थापकांनी सन्मानचिन्ह स्वीकारलं आणि माझ्या वतीने ते दहा मिनिटं स्वतःबद्दल बोलले. ते चिन्ह पितळेचं, चांगलं जड. विमानाने पाठवलं, तर वाटेत उन्हामुळे दोनदा उतरवलं गेलं. आलं तेव्हा एक कोपरा चेपलेला होता.

त्यानंतर मी फुकटचा प्रवास सोडला. यात त्याग किती आणि लाज किती हे तोलून बघितलेलं नाही. गल्लीतल्या न्हाव्याने पाच मिनिटांत तीच दोन झुडपं कापली, आणि आधीच्यापेक्षा बरी कापली, असं बायकोचं मत. मी उडायचं सोडल्याने पृथ्वी थंड झाली असं कुणी समजू नये. माझी जागाही रिकामी राहिली नाही, तिथे बसून शेजारच्या काउंटरवरचा सासुरवाडीला जाऊ लागला. "मी बसलो काय, नाही बसलो काय," हेच वाक्य तो आता मला ऐकवतो. माझंच वाक्य, पण त्याच्या तोंडी फार पोकळ वाटतं.

पुढच्या उन्हाळ्याआधी व्यवस्थापकांनी बैठक बोलावली. दुपारच्या विमानांत जागा रिकाम्या ठेवाव्या लागतात, यावर तोडगा काढायचा होता. मुलीच्या ऑफिसातले वरिष्ठ होते, ती होती, मी होतो. मी भाषण तयारच करून गेलो होतो: दुपारची उड्डाणं कमी करा, जवळच्या शहरांना गाडीने जाऊ द्या लोकांना. मी पहिलंच वाक्य म्हणालो आणि चहा आला. चहा संपेपर्यंत विषय पुढे गेला होता.

व्यवस्थापकांच्या डोक्यात वेगळंच होतं. "ती पांढरी पेटी धावपट्टीजवळ आहे," ते म्हणाले. "डांबर तापतं, म्हणून आकडा जास्त येतो. ती उचलून मागच्या तळ्याकाठी, झाडांखाली ठेवली तर? दोन-तीन डिग्री सहज कमी भरतील."

माझी मुलगी उभी राहिली. "विमान तळ्याकाठून उडत नाही, सर. ते याच डांबरावरून उडतं."

"तुमच्या वडिलांनाच विचारू," व्यवस्थापक हसून माझ्याकडे वळले. "तेच तुमच्याकडे रोज एक डिग्री मागत असतात ना? सगळ्या विमानतळाला माहीत आहे."

सगळे हसले. ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. मी वर्षानुवर्षं गमतीत जे मागत होतो, तेच हा माणूस आता गंभीरपणे मागत होता, आणि माझ्या नावावर मागत होता. मी उठलो. खुर्ची माझ्याबरोबर उठली, कारण तिचे हात माझ्या कमरेत अडकले होते. सहकारीने ती मागून ओढून काढली. तोपर्यंत माझ्या बोलण्याला असायला हवा होता तो दरारा पार निघून गेला होता.

"पेटी हलवली तर मी एकाही तक्त्यावर सही करणार नाही," मी म्हणालो. आवाज चिरका आला. "आकडा कमी लिहिला म्हणून हवा दाट होत नाही. टेकडी तिथेच असते."

"बघा, नीट विचार करा," व्यवस्थापक म्हणाले.

"केलाय. एवढाच केलाय, पण केलाय."

मुलीच्या वरिष्ठांनी घसा खाकरला आणि पेटी आहे तिथेच राहील असं म्हणाले. मला वाटतं त्यांनी ते आधीच ठरवलं होतं, माझ्या बोलण्याने काही फरक पडला नसावा. पण मुलीने बाहेर आल्यावर माझ्या हाताला हात घातला आणि धावपट्टीच्या कडेकडेने आपल्या ऑफिसपर्यंत नेलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "खुर्चीला लागलं नाही ना फार?"

व्यवस्थापक माणूस वाईट नाहीत, फक्त लक्षात ठेवतात. महिन्याभरात माझी बदली मालाच्या शेडमध्ये झाली. माझी खुर्ची सहकारीला मिळाली. ती दुपारी बिनदिक्कत माणसं उतरवते आणि मुलीशी घासाघीस करत नाही. दुपारचं एक विमान कंपनीने खरंच बंद केलं. माझं ऐकून नव्हे, परवडत नव्हतं म्हणून.

शेडमध्ये पत्र्याचं छप्पर आहे आणि पंखा एकच. काल कोंबडीची पिल्लं पाठवणारा एक माणूस खोकी घेऊन आला. भोकं पाडलेल्या खोक्यांतून एकसारखा चिवचिवाट येत होता. विमान उन्हामुळे संध्याकाळपर्यंत थांबलं होतं. मी खोकी काट्यावर ठेवली, वजन लिहिलं आणि पंखा त्यांच्याकडे वळवला. तो माणूस म्हणाला, "साहेब, तुम्हालाच किती घाम आलाय. तुम्ही बसा ना पंख्याखाली."

मी त्याला म्हणालो, माझ्याकडे घामाचा साठा भरपूर आहे, पिल्लांकडे नाही. मग आम्ही दोघं दारात उभे राहून, ऊन कधी उतरतंय याची वाट बघत बसलेल्या पिल्लांचं ऐकत राहिलो.